पायथन ३.८ आणि ३.९ सोडताना – प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.९ आवृत्तीची मुदत परवा शुक्रवारी, ३१ ऑक्टोबरला संपली. ३.८ तर गेल्या वर्षी ७ ऑक्टोबरलाच संपलेली. त्याच दिवशी ३.१३ बाहेर आलं होतं. आपल्या लायब्ररीच्या पानावर मात्र अजून ‘३.८ किंवा पुढचं’ असंच आहे. जिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही बंद झाल्यात, त्या आवृत्तीवर आपण चालू असल्याची ग्वाही देत बसलोय.

तळ, म्हणजे किमान आवृत्ती, कुठे धरायचा यावर सहकाऱ्याशी तासभर वाद. तो म्हणतो थेट ३.१२ कर. वैज्ञानिक लायब्रऱ्यांचा स्पेक ० हा संकेत आहे, त्यात पायथनची आवृत्ती आल्यापासून तीन वर्षांनी सोडतात. त्या हिशेबाने ३.११ सुद्धा आता जाते. माझं म्हणणं असं की आपली लायब्ररी सेटिंग वाचण्याची आहे. ती दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमच्या पायाशी बसते, आणि पायाने आधी हलू नये. पायथनवाले स्वतः पाच वर्षं सांभाळतात, तेवढी आपणही सांभाळू. म्हणजे ३.१०, जी ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. शेवटी ३.१० ठरलं. तो म्हणाला, ‘पुढच्या वर्षी हाच वाद परत घालू.’ घालू.

पायपीआयवरचे (पायथनची पॅकेजं जिथून उतरवतात ते कोठार) डाउनलोडचे आकडेही काढून पाहिले, पण त्यावर निर्णय बेतला नाही. सीआयची, म्हणजे आपोआप टेस्ट चालवणारी, यंत्रं दिवसातून शंभरदा तेच पॅकेज उतरवतात. एका माणसाने विसरलेली एक मॅट्रिक्स (कुठकुठल्या पायथनवर टेस्ट चालवायच्या ती यादी) आणि शंभर खरे वापरणारे, आकड्यात दोन्ही सारखेच दिसतात.

किमान आवृत्तीची ओळ लगेच बदलून टाकली. सगळ्या फाइलींत शोध मारला, सापडली, ३.८ चं ३.१० केलं, कमिट केलं, म्हणजे बदल नोंदवला. नवी आवृत्ती ८.०.०. सध्याची ७.४.२.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज फक्त मोजदाद, कोडला हात नाही. जुन्या आवृत्त्यांसाठी काय काय धरून ठेवलंय याची यादी काढायला बसले आणि उत्खननाला गेल्यासारखं वाटलं. वरच्या थरात ३.८ साठीचे प्रकार: यादीचा प्रकार सांगायला टायपिंगमधली मोठ्या एल ची लिस्ट. ३.९ पासून साधी लिस्ट चालते. त्याखाली ३.७ चा थर, जी जून २०२३ मध्ये संपली आणि आपण सोडूनही बरेच दिवस झाले. त्याच्याही खाली २.७! क्लासच्या कंसात लिहिलेलं ऑब्जेक्ट, फाइलीच्या डोक्यावरची यूटीएफ-८ ची ओळ, स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) आधी लावलेला यू. २.७ ला जाऊन १ जानेवारी २०२० पासून पाच वर्षं उलटली. तिला आधी २०१५ पर्यंतच ठेवायचं होतं, मग पाच वर्षं वाढवून दिली. तिची सवय आमच्या कोडने त्यानंतरही सोडलेली नाही.

यावरून एक कळलं. आजवर आपण ‘आवृत्ती सोडली’ असं जाहीर तेवढं केलं, घर कधी आवरलं नाही.

‘कॉम्पॅट’ नावाची एक फाइल आहे. त्यात काय आहे ते उद्या-परवा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कॉम्पॅट फाइल उघडली. दिवस तिथेच गेला.

त्यात एक तपासणी आहे: पायथनची आवृत्ती ३.८ किंवा पुढची असेल तर पायथनच्याच फंकटूल्समधली कॅश्ड प्रॉपर्टी (एकदा काढलेलं मूल्य जपून ठेवणारी) घे, नसेल तर आपण हाताने लिहिलेली घे. ठीकच. पण आवृत्ती ओळखायची कशी? तर सिस्टीमच्या आवृत्तीची जी स्ट्रिंग मिळते तिची पहिली तीन अक्षरं कापून. ‘३.८.१०’ चं होतं ‘३.८’. ‘३.९.७’ चं ‘३.९’. आणि ‘३.१०.४’ चं?

‘३.१’.

तुलनाही स्ट्रिंगचीच. ‘३.१’ हे ‘३.८’ पेक्षा लहान. म्हणजे ३.१०, ३.११, ३.१२, ३.१३ या सगळ्या आवृत्त्यांवर आमचा कोड स्वतःला ३.७ पेक्षाही म्हातारा समजून हाताने लिहिलेली जुनी वाट धरत होता. ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. चार वर्षं. सगळ्या टेस्ट हिरव्या, कारण जुनी वाटही चालतेच ना! तुटली असती तर बरं झालं असतं.

बरं, ती जुनी वाट धड असती तरी चाललं असतं. आमची कॅश्ड प्रॉपर्टी काढलेलं मूल्य एका सामाईक डिक्शनरीत ठेवते, आणि चावी म्हणून चक्क ते ऑब्जेक्टच वापरते. डिक्शनरी जिवंत म्हणून ऑब्जेक्ट जिवंत. एकदा आत गेलेलं बाहेर येत नाही. फंकटूल्सवाली मूल्य त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्याच डिक्शनरीत ठेवते, ऑब्जेक्ट गेलं की मूल्यही गेलं.

दुपारी अचानक आठवलं म्हणून जुन्या तक्रारी चाळल्या. दोन वर्षांपासून उघडी असलेली एक सापडली: ‘३.९ वर ठीक चालतं, ३.११ वर नेलं की मेमरी हळूहळू वाढत जाते.’ खाली माझंच उत्तर: ‘आमच्याकडे दिसत नाही, कृपया छोटं उदाहरण द्या.’ त्या गृहस्थांनी उदाहरण दिलंही होतं. ते मी ३.९ वर चालवून पाहिलं होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तपासणी काढली, हाताने लिहिलेली प्रॉपर्टी काढली, फंकटूल्सवाली थेट घेतली. त्या गृहस्थांना लिहिलं: ‘चूक आमची होती, तुमचं निदान बरोबर होतं, उशिराबद्दल माफ करा.’ त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं, सौजन्याचं. लाज वाटली ती वाटलीच.

ही दुरुस्ती ७ च्या शाखेतही न्यायची. ७.५.० ही ३.८ आणि ३.९ वाल्यांची शेवटची आवृत्ती असेल; त्यांना निरोपाला गळकं भांडं द्यायला नको.

१० नोव्हेंबर, सोमवार

रफ या कोड तपासणाऱ्या साधनात लक्ष्य ३.१० ठेवून यूपी हा जुनी लिखावट नवी करणारा नियमसंच चालवला. शेकडो ठिकाणी बदल, बहुतेक यांत्रिक. ऑप्शनल जाऊन उभी रेघ आली, यू गेले, ऑब्जेक्टचे कंस गेले. सगळं एकाच कमिटमध्ये, आणि त्या कमिटमध्ये हाताने केलेला एकही बदल नाही. ही शिस्त पाळायचीच, नाहीतर तपासणाऱ्याला यंत्राचं कुठलं आणि माणसाचं कुठलं ते कळत नाही.

वायटीटी नावाचा नियमसंचही चालू केला. तो नेमका परवासारख्या आवृत्तीच्या स्ट्रिंगा कापण्यावर बोट ठेवतो. हे आधीपासून होतं, आपणच चालू केलं नव्हतं.

जे काढता आलं नाही ते इथे लिहून ठेवते. टॉमल (सेटिंगच्या फाइलींचा एक साचा) वाचणारं टॉमलिब हे मूळ पायथनमध्ये ३.११ पासून आहे, म्हणून ३.१० साठी टॉमली हे अवलंबित्व राहणार. तारखेच्या शेवटी झेड (म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ) असेल तर फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट ते ३.११ पासूनच समजतं. तोवर झेडच्या जागी ‘+००:००’ घालणारी आमची ओळ राहणार. दोन्ही ठिकाणी ‘३.१० गेल्यावर काढा’ अशी टीप घातली. कधी काढायचं हे लिहिलेलं नसेल तर असली ओळ पुढच्या माणसाला देवाचा शेंदूर फासलेला दगड वाटते. कोणी हलवत नाही.

यूटीसी-नाऊ हे बिनझोनची चालू वेळ देणारं फंक्शन काढलं, ३.१२ पासून त्यावर ताकीद येते. जागी टाइमझोनसकट नाऊ. लगेच कॅशच्या जुन्या फाइलींनी अडवलं, कारण त्यांत बिनझोनच्या तारखा आहेत, आणि झोनवाली तारीख बिनझोनच्या तारखेशी पायथन ताडून पाहतच नाही, टाइपएरर देतं. वाचताना झोन नसेल तर यूटीसी धरायचं, इतकंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जुनं सोडायचं तर नवंही घ्यायला हवं. मॅट्रिक्समध्ये ३.१४ घातलं. ऑक्टोबरच्या ७ तारखेला आलंय, अजून ओलं आहे.

अर्ध्या टेस्ट लाल. पण गंमत अशी की कुठेही स्फोट नाही. वापरणारा सेटिंगचा क्लास लिहितो, त्यात ‘पोर्ट: इंट’ अशा ॲनोटेशन (प्रकार सांगणाऱ्या नोंदी) देतो, आणि आमचा मेटाक्लास (क्लास घडवणारा क्लास) त्या वाचून फील्डं तयार करतो. ३.१४ वर फील्डं शून्य! क्लास बनतो, तक्रार नाही, सेटिंग मात्र रिकामी.

कारण पीईपी ६४९, पायथन बदलण्याचा एक प्रस्ताव. ३.१४ पासून ॲनोटेशन लगेच मोजल्या जात नाहीत. कोणी मागेल तेव्हा मोजणारं एक फंक्शन तेवढं साठवलं जातं. आमचा मेटाक्लास क्लास बनण्याआधीच त्याच्या नेमस्पेसमध्ये (त्यातली नावं जिथे साठतात तिथे) हात घालून ॲनोटेशनची डिक्शनरी शोधत होता, आणि ‘नसेल तर रिकामी घे’ असं प्रेमाने लिहिलेलं होतं. आता ती तिथे नसतेच. म्हणून रिकामी घेतली.

दुसरा प्रश्न: मग उरलेल्या अर्ध्या टेस्ट हिरव्या कशा? दोन तास यात गेले. ज्या टेस्ट-फाइलींच्या डोक्यावर ‘फ्यूचर’मधून ॲनोटेशन आणणारी ओळ आहे त्या हिरव्या, ज्यांच्यावर नाही त्या लाल. ती ओळ असली की ३.१४ मध्येही जुनीच पद्धत चालते: ॲनोटेशन स्ट्रिंग म्हणून नेमस्पेसमध्येच ठेवल्या जातात. आमच्या सगळ्याच टेस्टवर ती ओळ असती तर आम्ही ३.१४ चालतं म्हणून जाहीर करून मोकळे झालो असतो.

दुरुस्ती मात्र सुखाची निघाली. नेमस्पेस चाचपायचंच नाही. आधी क्लास बनू द्यायचा, मग इन्स्पेक्टमधल्या गेट-ॲनोटेशन्सला विचारायचं. हे फंक्शन ३.१० मध्ये आलं आणि ३.१४ मध्येही नीट वागतं. एकच वाट, आवृत्तीची तपासणी नाही. मग पूर्वी असं का केलं नव्हतं? कारण ३.९ पर्यंत क्लासला स्वतःची ॲनोटेशन नसली तर विचारल्यावर पालक क्लासची हातात यायची. त्या खोडीला वळसा म्हणून नेमस्पेसमध्ये शिरायची युक्ती होती. ३.९ गेल्यामुळे युक्तीची गरज गेली, आणि ३.१४ आल्यामुळे युक्तीच घातक झाली. आधी मला वाटत होतं की जुन्याला सोडणं आणि नव्याला घेणं ही दोन वेगळी कामं. एकाच ओळीवर दोन्ही येऊन बसली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

३.१४ वर उरलेली एक टेस्ट: दस्तऐवजातल्या उदाहरणात चालू नसलेला इव्हेंट लूप (कामं पाळीपाळीने चालवणारं चक्र) मागितला होता. पूर्वी पायथनचं असिंकआयओ तो मुकाट्याने करून द्यायचं, आता रनटाइमएरर. उदाहरण बदललं. दस्तऐवजातल्या उदाहरणांच्याही टेस्ट असतात हे बरं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

एक पुल रिक्वेस्ट (कोणीतरी सुचवलेला बदल) आली: किमान आवृत्तीबरोबर कमालही लिहा, ‘३.१५ च्या खाली’. हेतू चांगला, ३.१४ सारखा धक्का परत नको. नम्रपणे नाकारली. कारण लांबलचक लिहिलं, ते इथेही असावं.

पिपला, म्हणजे पॅकेज उतरवून बसवणाऱ्या साधनाला, त्या पायथनवर चालणारी सगळ्यांत नवी आवृत्ती हवी असते. ८.०.० म्हणाली ‘मी ३.१५ वर नाही’, तर पिप थांबत नाही, मागे मागे जातं, आणि जिच्यावर कमाल मर्यादा लिहिलेलीच नाही अशी जुनी आवृत्ती उचलतं. म्हणजे ३.१५ वाल्याला ८ ऐवजी ७ मिळेल, जी ३.१५ वर तर आणखीच चालणार नाही. खालची मर्यादा नेमकी याच मागे जाण्यामुळे उपयोगी आहे: ३.९ वाला ८ सोडून ७.५.० वर जाऊन थांबतो, आणि ती त्याच्यासाठीच केलेली आहे. तेच वागणं खालच्या टोकाला तारतं आणि वरच्या टोकाला मारतं.

७ च्या शेवटच्या आवृत्तीत ‘तुमचं पायथन जुनं आहे’ अशी ताकीद इम्पोर्टवर दाखवावी का, हाही विषय निघाला. मी नको म्हटलं. ती ज्याच्या पडद्यावर दिसते त्याच्या हातात पायथन बदलणं बहुधा नसतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ घ्या: त्याची सिस्टीमची पायथन ३.९ च आहे आणि तिची देखभाल ते स्वतः करतात. त्या माणसाने आपली ताकीद वाचून करायचं काय? बदलनोंदीत ठळक लिहू, पुरे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ७.५.०. संध्याकाळी ८.०.०. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नये हे मला माहीत आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सात तक्रारी. सगळ्या ३.९ वरच्या. ‘इन्स्पेक्टमध्ये गेट-ॲनोटेशन्स सापडत नाही’ – इम्पोर्टएरर.

पहिला विचार: असं होऊच शकत नाही, ३.९ ला ८.०.० मिळायलाच नको. पिप हे बंधन २०१६ च्या ९.० आवृत्तीपासून पाळतंय. मग व्हील उतरवली आणि उघडली. व्हील म्हणजे बांधून तयार केलेलं पॅकेज, शेवटी झिप फाइलच. आत मेटाडेटाची फाइल, तिच्यात रिक्वायर्स-पायथनची ओळ: ३.८ किंवा पुढचं.

तीन तारखेची कमिट काढून पाहिली. मी बदललेली ओळ सेटअप.पीवाय मधली. तीच ओळ पायप्रोजेक्ट.टॉमलमध्येही होती, वेगळ्या नावाने, आणि दोघांचं भांडण झालं की सेटअपटूल्स हे पॅकेज बांधणारं साधन पायप्रोजेक्टचं ऐकतं. सेटअप.पीवाय हे आमच्याकडे नुसतंच राहून गेलेलं भूत. २.७ चा यू खणून काढला, आणि हे मात्र समोर बसलेलं दिसलं नाही. फाइलीचं नावही मदतीला नाही. त्यात ‘पीवाय३-नन-एनी’, म्हणजे कुठलंही पायथन ३ असेल तर या.

सीआयने का पकडलं नाही? कारण मॅट्रिक्समधून ३.९ मीच काढून टाकलं होतं. ३.९ वर काय होतं हे पाहणारं त्या दिवसापासून कोणी उरलंच नव्हतं.

आता उपाय. चढवलेल्या फाइलीचा मेटाडेटा बदलता येत नाही. काढून त्याच नावाने परत चढवावी, तर पायपीआय ते नाव पुन्हा वापरू देत नाही. पूर्ण मिटवली तर ३.१० च्या पुढे ज्यांनी रात्रीतून ८.०.० नेमकी बांधून घेतलीय त्यांचं चालतं काम बंद पडेल. उरलं यँक करणं: आवृत्ती जागेवर राहते, पण नेमकं ८.०.० असं मागितल्याशिवाय पिप तिला शिवत नाही. यँक केली, कारणाच्या जागी खरं कारण लिहिलं. पंधरा मिनिटांनी ३.९ च्या रिकाम्या वातावरणात पाहिलं: पिपने ७.५.० उचलली.

सहकाऱ्याला फोन केला. तो एवढंच म्हणाला, ‘अगं, सेटअप.पीवाय अजून आहे?’

२४ नोव्हेंबर, सोमवार

सेटअप.पीवाय मिटवली. पायप्रोजेक्टमध्ये ३.१०. व्हील बांधली, चढवण्याआधी झिप उघडून ती ओळ डोळ्यांनी वाचली. ८.०.१ बाहेर.

सातही जणांना वेगवेगळं उत्तर लिहिलं. दोघांनी लॉकफाइलमध्ये (नेमक्या आवृत्त्यांच्या यादीत) ८.०.० बांधलेली होती. यँक असूनही त्यांना तीच मिळत राहणार, फक्त ताकीद दिसेल. त्यांना लॉक नव्याने काढायला सांगितलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सीआयमध्ये ३.९ परत आणलं. टेस्ट चालवायला नाही. त्या जॉबचं काम एकच: नुकतीच बांधलेली व्हील ३.९ वर बसवायचा प्रयत्न करायचा आणि पिपने नकार दिला तरच हिरवं व्हायचं.

पहिल्या खेपेला हिरवं झालं. संशय आला. मुद्दाम पायप्रोजेक्टमध्ये ३.८ करून चालवलं, तरी हिरवं! लॉग पाहिला तर व्हीलचा मार्गच चुकला होता. पिपला फाइल सापडली नाही म्हणून ते पडलं, आणि पडलं म्हणून जॉब खूश. नुसतं ‘पिप पडलं’ एवढ्यावर भागत नाही, का पडलं ते पाहायला हवं. आता जॉब पिपचा संदेश वाचतो: ‘वेगळी पायथन लागते’ हे वाक्य असलं तरच हिरवं. ३.८ करून चालवलं, लाल. परत ३.१० केलं, हिरवं. मग मर्ज केलं.

मॅट्रिक्स लिहिताना ३.१० भोवतीची अवतरणचिन्हं राहिली होती, तर यामलने (ती फाइल ज्या साच्यात लिहितात त्याने) तो दशांश समजून ३.१ केलं, आणि सीआय ३.१ शोधायला गेलं. एकाच महिन्यात ३.१० ने दोनदा शून्य गमावलं.

२ डिसेंबर, मंगळवार

आठवडाभर नवी तक्रार नाही. मेमरीवाल्या गृहस्थांनी कळवलं की ३.१२ वर चार दिवस प्रोग्रॅम चालू आहे आणि रेघ सपाट आहे. ती तक्रार बंद केली.

७ ची शाखा मे २०२६ अखेरपर्यंत, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी. तसं पानावर लिहिलं.

‘३.१० गेल्यावर काढा’ शोधून पाहिलं: तीन ठिकाणी. दोन माझी. तिसरं सहकाऱ्याने परवा नकार-जॉबच्या डोक्यावर घातलंय: ‘३.१० गेल्यावर काढा, आणि इथे ३.१० लिहा. अवतरणात.’